पडीक लिहिलेल्या उतारावर

नाशिकहून जव्हारची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दोन दशम्या, एक वही आणि बारा शेतांची यादी होती. दीड वर्षापासून मी घरबसल्या उपग्रहाच्या फोटोंवर शेतांच्या कडा आखते आणि कुठे कोणतं पीक आहे ते नोंदवते. त्यावरून संगणक पिकं ओळखायला शिकतो. पाऊस हल्ली कसाही वागतो, म्हणून लावणी कधी करावी, कापणी कधी, याचा बोलका निरोप त्या त्या शेतकऱ्याच्या फोनवर जातो; पडीक शेताच्या मालकाला मात्र जात नाही. यादीतली, जव्हारजवळच्या साखरशेत गावची बारा शेतं मी ‘पडीक’ लिहिली होती. ती तशीच आहेत ना, एवढंच बघून यायचं होतं.

त्र्यंबक मागे पडलं. मोखाड्यात गाडी थांबली, चहा झाला. सप्टेंबरचं ऊन होतं आणि डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत हिरवे. फोटोत हे सगळं मी बोटभर पाहिलं होतं.

जव्हारच्या डेपोबाहेर साखरशेतची जीप उभी होती. आत आम्ही अकरा जण.

“कधी निघायचं?” मी विचारलं.

“भरली की,” चालक म्हणाला.

“अजून कुठे भरणार?”

“बाई, टप रिकामाच हाय अजून!”

साखरशेतला उतरून मी पहिल्याच बाईंना फोनवरचा नकाशा दाखवला. पन्नाशीच्या, काटक, डोक्यावर गवताचा भारा. नाव जानकीबाई. इकडे नव्या माणसालाही सरळ ‘तू’ म्हणतात. मला ते आवडलं.

“हा तर माझाच माळ,” त्या म्हणाल्या. “चल, दाखवते.”

माझ्या पायात शहरी सँडल. अर्ध्या चढावर घसरले आणि बसलेच चिखलात. जानकीबाईंनी एका हाताने उठवलं आणि वर पोचेपर्यंत हसत राहिल्या.

वर नागली (नाचणी) नुकती निसवली होती, कणसं डोकावत होती. मध्ये मध्ये उडीद, कडेला खुरासणी (तेलबी). आकाशातून हा सगळा मेळ मला रानगवत वाटला होता.

“यादीत हे पडीक आहे,” मी चाचरत म्हटलं.

त्यांचं हसू थांबलं. गेल्या वर्षी नागलीच्या लावणीच्या वेळी पावसाने दडी मारली होती. शेजाऱ्याच्या फोनवर आठवडाभर थांबा म्हणून निरोप आला, तो थांबला. “माझा फोन गप. मी लावली. निम्मी रोपं जळली. कणगी लवकर सपली, मंग आमी दोघं वसईला गेलो कामाला.”

संगणकावर ढकलणं सोपं होतं. पण मी म्हणाले, “त्याला मीच तसं शिकवलं. पडीक मी लिहिलं होतं.”

त्या खाली बसल्या, मलाही बसवलं.

“मंग आता खोड. मी सांगते, तू लिव.”

एकेका रोपाचा फोटो काढायला लावून त्यांनी नावं सांगितली. मग यादी पाहिली आणि उरलेल्या अकरा शेतांवरही मला स्वतःच नेलं. खरोखर पडीक एकच निघालं. बाकी सगळीकडे कुणी ना कुणी राबत होतं. संध्याकाळी त्यांच्या घरी नागलीची भाकर आणि करटुल्यांची भाजी जेवले. पायात गोळे आले होते, तरी तिसरी भाकर नको म्हणवलं नाही.

नाशिकला परतून मी आधी त्या अकरा शेतांच्या नोंदी दुरुस्त केल्या. मग त्या भागातला माझ्या हातचा प्रत्येक ‘पडीक’ पुन्हा उघडला. आता ज्या उताराबद्दल शंका येते, तिथे मी ‘माहीत नाही, विचारा’ असं लिहिते. आमच्या कामात ते कमीपणाचं मानतात. मला मात्र त्यानंतर शांत झोप लागते.

ऑक्टोबरच्या शेवटी जानकीबाईंचा फोन आला.

“तुझा निरोप आला गं! तीन दिस पाऊस हाय, कापलेली नागली आत घ्या, बोलला. आमी सगळी घरात घेतली, आन् सांजेला धो धो!”

मी वहीत तारीख टिपून घेतली.

“पण एक सांग त्याला,” त्या म्हणाल्या. “तो ‘शेतकरी बंधू’ बोलतो. मी बंधू कवा झाले?”

मी त्याच दिवशी कार्यालयाला पत्र लिहिलं. त्यांच्याच शब्दांत.