उभ्या जीपला ओव्हरटेक

मला थांबता येत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. घोडबंदर रोडवरून वीस वर्षं रोज ऑफिसला गाडी चालवली की उजवा पाय आणि डोकं, दोन्ही कायमचे उतावळे होतात. तिथे पुढची गाडी उभी राहिली की विचार करायचा नसतो. हॉर्न मारायचा, उजवीकडे फट शोधायची आणि घुसायचं. आपण नाही घुसलो तर मागचा घुसतो आणि वर आपल्याकडेच बघून मान हलवतो.

गेल्या वर्षी मी नोकरी सोडली. लेक शिकायला बाहेरगावी, नवरा त्याच्या कामात, आणि मी बाळकुमला, चौदाव्या मजल्यावरच्या घरात. कपाटं तीनदा लावून झाली, तरी अकरा वाजत नव्हते. शेवटी जानेवारीत म्हटलं, मी एकटी गाडी घेऊन जैसलमेरला जाणार, प्राणी-पक्षी बघायला. नवरा म्हणाला, "अगं, विमानाने जा ना." मला विमानात बसायचं नव्हतं. मला चालवायचं होतं.

बाबांनी एक काम सांगितलं. बाबा कोपरला राहतात, ऐंशी उलटलीय, आता डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी सोलापूरकडे काढली. तिथल्या माळावर तेव्हा माळढोक असायचा, कमरेएवढा उंच, भारदस्त पक्षी. आता आपल्याकडे जवळजवळ संपलाच. जे थोडे उरलेत ते तिकडे, राजस्थानच्या वाळवंटात. निघायच्या आधी त्यांना भेटायला गेलेले, तेव्हा म्हणाले, "माळढोक दिसला तर चालताना बघ. कसा चालतो ते नीट बघ आणि येऊन मला सांग. फोटो नको आणूस, मला त्यात काय दिसणार आहे."

बाबा स्वतःसाठी कधी काही मागत नाहीत. त्यामुळे ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

वाटेत कच्छच्या छोट्या रणात रानगाढवं दिसली. दोन मिनिटं बघितली आणि निघाले. जैसलमेरच्या अलीकडे चिंकारा, छोट्या कोल्ह्यासारखं एक खोकड, मेलेल्या उंटावर बसलेली गिधाडं. प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं. खिडकी खाली, दुर्बीण, हं झालं, खिडकी वर. सगळं मनासारखं चाललेलं. रस्ता सरळ, रिकामा, कोणी अडवायला नाही, तर मला चक्क चिडायला होत होतं.

वाळवंटातल्या गेस्ट हाऊसवर जेवताना जोधपूरच्या एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. सत्तरीच्या असाव्यात. माळढोकसाठी त्यांचा हा तिसरा हिवाळा होता आणि अजून एकदाही दिसला नव्हता. दिवसभर जीपमध्ये बसून राहायच्या. मी विचारलं, कंटाळा नाही येत? तर नुसत्या हसल्या. मग म्हणाल्या, इकडे रस्त्यात जीप उभी दिसली तर मागेच थांबा, इंजिन बंद करा. इथे कोणी उगाच थांबत नाही. मी मान डोलावली. कळायला काय, सगळं कळतं मला.

तीन दिवस मी फिरले. माळढोक नाही. चौथ्या दिवशी सकाळी परत निघायचं होतं, बाबांचं काम तसंच राहिलेलं, आणि मी स्वतःवरच वैतागून गाडी हाणत होते. एका वळणानंतर समोर डांबरी रस्त्याच्या मधोमध एक जीप उभी.

मला त्या शिक्षिकाबाईंचं वाक्य आठवलं असतं तर किती बरं झालं असतं. काहीही आठवलं नाही. हात हॉर्नवर गेला, दोनदा दाबला, स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं आणि मी जीपच्या बाजूने पुढे घुसले.

रस्त्यापासून जेमतेम पन्नास पावलांवर गवतातून तो उठला. केवढा मोठा. आधी दोन ढांगा, मग ते प्रचंड पंख, जड जड, आणि खाली मान न वळवता सरळ लांब निघून गेला. मी ब्रेक मारला तोवर ठिपका झालेला.

मागे वळून पाहिलं. जीपमध्ये त्याच बाई होत्या. ड्रायव्हरचं बोट अजून गवताकडे होतं आणि त्यांची दुर्बीण अर्ध्यावर, डोळ्यांपर्यंत पोचलीच नव्हती. गाडीतून उतरून मी त्यांच्याजवळ गेले. माफ करा म्हणाले, हिंदीत, मराठीत, काय काय म्हणाले. आपणच आपल्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटत होतं. ड्रायव्हरने तोंड फिरवलं. बाई ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आपने तो देखा न? कैसा था?"

मी सांगितलं. रडत रडत, जेवढं दिसलं तेवढं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

परतीच्या वाटेवर दोन दिवस मी ठरवत होते, बाबांना काय सांगायचं. चालण्याचं वर्णन पुस्तकातून वाचून सांगता आलं असतं, त्यांना कुठे कळणार होतं. पण कोपरला त्यांच्या खाटेशी बसले आणि ते माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून वाट बघत राहिले, तेव्हा खोटं बोलवेना. म्हटलं, "बाबा, दिसला. पण चालताना नाही. मीच उडवला."

सगळं सांगितलं. हॉर्न, जीप, त्या बाई.

"आम्हीही उडवायचो," बाबा म्हणाले. "ऑफिसची जीप मुद्दाम त्याच्या अंगावर न्यायचो. पंख उघडताना बघायला मजा यायची. तेव्हा वाटायचं, काय, उद्या पुन्हा दिसेल. चालताना मी त्याला कधी नीट पाहिलंच नाही गं. म्हणून तुला सांगितलं होतं."