मास्तरांच्या डोळ्यातली रेघ

फोटोमास्तरांनी जन्मात कधी शाळेत शिकवलं नव्हतं, पण त्या रस्त्यावर लहानथोर सगळे त्यांना मास्तरच म्हणत. स्टुडिओत पाऊल टाकणाऱ्या माणसाला ते बाकावरच्या पोरासारखं दटावत. "हनुवटी वर. खांदे सैल. श्वास धरा. पापणी मिटली तर पुन्हा बसवीन." समोर न्यायाधीश असो की न्हावी, मास्तरांपुढे सगळे एका वर्गातले. मग कॅमेऱ्यातला आरसा वर उचलला जाऊन खाली यायचा, खटाक आवाज व्हायचा आणि बसलेला माणूस श्वास सोडायचा. चाळीसेक वर्षं हेच चाललं होतं आणि असंच चालायचं, अशी मास्तरांची खात्री होती. खात्री असलेल्या माणसाचं काय होतं ते आपण सगळे जाणतोच.

हातच्या काकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. कॅमेऱ्याला तरी कशाला, असं कंपन्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी आरसा काढून टाकला. पूर्वी समोरचं दृश्य लेन्समधून आरशावर पडून डोळ्यापर्यंत यायचं; आता डोळ्यापाशी इवलासा पडदा आला आणि कॅमेऱ्याला जे दिसेल तेच तो दाखवू लागला. मास्तरांना हे बिलकूल पटलं नाही. "म्हणजे मी बघायचंच नाही. त्याने बघायचं आणि मला सांगायचं," असं ते बायकोला म्हणाले. बायको म्हणाली, "मग काय झालं? या घरात मी बघते आणि तुम्हाला सांगते, तसंच ते."

धंदा आता लेकीच्या हातात होता. लेक हुशार, चपळ आणि बोलण्यात गोड. हा शेवटचा गुण तेवढा बापाचा नव्हता. चारचौघांत 'पिल्लू' म्हणायचं नाही, अशी तंबी तिने बापाला दिली होती आणि मास्तर ती बहुतेक वेळा पाळत. आरशाचे कॅमेरे विकून टाकू, असं ती वर्षभर सांगत होती. सुटे भाग मिळेनात, दुरुस्तीवाल्याने हात वर केले, तरी मास्तर बधले नाहीत. शेवटी एका लग्नात व्हिडिओवाला वैतागून म्हणाला, "मास्तर, नवरी बोलतेय तेवढ्यात तुमचं खटाक खटाक येतं. सगळं रेकॉर्ड झालंय." सगळे हसले. मास्तरही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुने कॅमेरे पुसून लेकीच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "ने."

तिने नवे कॅमेरे आणले, एक तिला आणि एक त्यांना. "मी समोरून घेते, बाबा. तुम्ही बाजूने घ्या," ती म्हणाली. ज्याने आयुष्यभर समोरून घेतले त्याला बाजूला उभं राहणं सोपं नव्हतं. पण मास्तरांनी मनाशी हिशेब केला की बाजू तर बाजू, मांडवात तर आहोत. मांडवाबाहेर गेलो तर आपण कोण? घरातला एक म्हातारा, दुपारी झोपणारा. याची त्यांना इतकी भीती वाटे की ती त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवली नाही.

आता जित्याची खोड. कामाला निघण्याआधी लेन्स काढायची, तोंडाची वाफ द्यायची आणि काडीला गुंडाळलेल्या मऊ फडक्याने आतला आरसा हलकेच टिपायचा, हा मास्तरांचा नेम होता. आरशाला हात लावू नये असं कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असे. "पुस्तकाने लग्नं काढलेली नाहीत," असं मास्तर म्हणत, आणि खरंच त्यांच्या हातून कधी एक ओरखडा उठला नव्हता. नव्या कॅमेऱ्याची लेन्स त्यांनी काढली, आत काहीतरी चकाकत होतं आणि हाताने आपलं काम केलं. फडकं फिरल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की अरे, इथे आरसाच नाही. त्यांनी स्वतःशी हसून लेन्स लावली आणि विसरून गेले.

त्यानंतरच्याच लग्नात त्यांना रेघ दिसली. केसाएवढी, फिकट, तिरपी. पांढऱ्या भिंतीपुढे दिसे, गर्दीत हरवून जाई. मास्तरांनी डोळा लावायची काच पुसली, रेघ तिथेच. लेन्स बदलली, तरी तिथेच. जुन्या माणसाची अक्कल जुन्या वाटेनेच चालते. त्यांच्या कॅमेऱ्यांत आरशामागे काही बिघडलं तर ते फोटोत येई, बघताना कधी दिसत नसे. बघताना दिसतंय म्हणजे दोष लेन्सचा, आरशाचा किंवा काचेचा. लेन्स बदलून झाली, काच पुसून झाली, आरसा तर नाहीच. मग उरला कोण? डोळा.

घरी येऊन त्यांनी एक डोळा झाकून भिंतीकडे टक लावली. त्या वयात कुणीही भिंतीकडे एवढं बघितलं तर त्याला काहीबाही तरंगताना दिसतंच. मास्तरांनाही दिसलं आणि त्यांनी दुसरा डोळा झाकून पुन्हा बघितलं. बायकोने विचारलं, "भिंतीला डोळा का मारताय?" ते म्हणाले, "रंग उडालाय का बघतोय."

तरी एक शंका होती. समजा रेघ फोटोतच असली तर? म्हणून लेकीने त्यांच्या कॅमेऱ्यातलं कार्ड नेल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कसे आलेत गं माझे?"

"छान आलेत, बाबा."

"काही खटकलं नाही ना?"

"नाही हो. मस्त आहेत."

झालं. फोटो स्वच्छ, म्हणजे डोळाच गेला. पुढे प्रत्येक कामानंतर ते तेच विचारत, ती तेच सांगे, आणि दर वेळी त्यांची खात्री पक्की होई. त्यांनी ब्र काढला नाही. डोळा गेलेल्या फोटोवाल्याला मांडवात कोण उभं करणार? आणि लेक तर कधीच करणार नाही, तिला नावाची काळजी. ते रेघेच्या अलीकडून पलीकडून बघायला शिकले. जास्त वेळ थांबू लागले, जपून घेऊ लागले. खरं सांगायचं तर इतका जीव ओतून त्यांनी तरुणपणीही काम केलं नव्हतं.

शेवटी बायकोनेच त्यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, कारण भिंतीला डोळा मारणं थांबेना. डॉक्टर मास्तरांच्या ओळखीतला; पाळण्यातला त्याचा फोटो त्यांनीच काढला होता. यंत्रापुढे बसवून तो म्हणाला, "हनुवटी टेकवा. खांदे सैल. पापणी मिटायची नाही हं, मास्तर." मास्तरांनी मुकाट्याने ऐकलं. डॉक्टरने थेंब टाकले, दिवा धरला, पुष्कळ वेळ आत बघितलं.

"डोळे ठणठणीत आहेत," तो म्हणाला. "मोतीबिंदू नाही, पडदा स्वच्छ. या वयात असे डोळे बघायला मिळत नाहीत."

बायकोने हुश्श केलं. मास्तरही जिना उतरताना उड्या मारायचेच बाकी होते. डोळा शाबूत. अजून पुष्कळ वर्षं आहेत. आणि खालच्या पायरीवर त्यांचा पाय अडला. डोळा जर शाबूत, तर रेघ कुठे होती? फडकं, वाफ आणि आत चकाकणारा, फोटो टिपणारा तो चौकोन त्यांना आठवला. कॅमेऱ्याला जे दिसतं तेच हा पडदा दाखवतो, हे लेकीने किती वेळा सांगितलं होतं. त्यांना वाटलं, डोळा गेला असता तर बरं झालं असतं. निदान तो आपला होता.

बायकोला घरी पाठवून ते तडक स्टुडिओत गेले. लेक कॉम्प्युटरपुढे होती. थेंबांमुळे त्यांना तिचा चेहरा धूसर दिसत होता, आणि ते बरंच होतं.

"माझ्या हातून चूक झालीय," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "तो कॅमेरा मी आतून पुसला. सवयीने. ओरखडा उठलाय. मला रेघ दिसत होती, पण मला वाटलं डोळाच गेला, म्हणून बोललो नाही. सांगितलं असतं तर तू मला नेलं नसतंस. सगळ्या लग्नांच्या फोटोंत ती रेघ असणार. तू काय करशील ते कर, पण लोकांना मीच सांगतो."

लेकीने कानांवरचा हेडफोन काढला. "कसली रेघ, बाबा?"

"तिरपी. भिंतीपुढे दिसते. तुला दिसली नाही?"

तिने तोंड पडद्याकडे फिरवलं. मास्तरांनी जन्मभर माणसांचे चेहरे वाचले होते. हा वाचायला त्यांना डोळेही लागले नाहीत.

"एकही उघडला नाहीस?" त्यांनी विचारलं.

"माझेच इतके व्हायचे, बाबा... अल्बम त्यातच भरायचा." तिने हेडफोन टेबलावर ठेवला. "तुम्हाला घरी बसा म्हणवत नव्हतं. तुम्ही खचला असता."

मास्तर खुर्चीवर बसले. मग तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरं केलंस. नाहीतर रेघ लोकांच्या घरी गेली असती." ती हुंदके देऊ लागली, तेव्हा ते पुन्हा म्हणाले, "खरंच बरं केलंस, पिल्लू."

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि त्यांचे फोटो उघडले. एकामागून एक पडद्यावर येत गेले, प्रत्येकावर ती केसाएवढी रेघ. एका फोटोपाशी तिचा हात थांबला. गर्दी ओसरल्यावर नवरीचा बाप रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकटाच बसून आपले बूट काढत होता आणि दाराकडे बघत होता. लेक स्क्रीनच्या अगदी जवळ गेली. एवढी रेघ तिला चुटकीसरशी पुसता आली असती.

"हा त्यांच्या अल्बममध्ये जायला हवा होता," ती म्हणाली.

"त्यांचा अल्बम कधी गेला?"

"गेल्या महिन्यात."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून फोटोत काय आहे ते त्यांनी तिला सांगायला सांगितलं, आणि ती सांगत राहिली.