अप्पांना न पोचलेला निरोप

आजोबांनी धम्मदीक्षा घेतली आणि गावकीची कामं सोडली. मेलेलं जनावर ओढणं सोडलं, मयताचा निरोप घेऊन परगावी पळणं सोडलं, दवंडी देणं सोडलं. हलगी चावडीतल्या खुंटीला टांगून ते घरी आले, आणि त्या सुगीपासून खळ्यावरचं आमच्या वाट्याचं धान्य बंद झालं. हे मी ऐकलेलं. पाहिलं ते पुढचं. माझे वडील, अप्पा, हुमनाबादला लॉऱ्या भरायचे, रविवारी घरी यायचे. माय दुसऱ्यांच्या रानात तूर कापायची, उडीद तोडायची. काम नसेल त्या दिवशी ज्वारीच्या कण्या आणि मीठ. तेही नसलं तर मी शाळेला जाताना माय सांगायची, "मास्तरानं इचारलं तर जेवून आले म्हण."

रविवारची मी वाट बघायची. अप्पांच्या अंगाला पोत्यांचा वास यायचा आणि खिशात स्टँडवरची भजी असायची, कागदात चेपून गेलेली. ती मऊ भजी मला अजून हवी असतात. दुसरी चालत नाहीत.

मी सहावीत असताना गावात गॅस्ट्रोची साथ आली. बीदरकडच्या औराद तालुक्यातलं आमचं गाव तेव्हा ओढ्याकाठच्या विहिरीवर जगायचं. डॉक्टर येऊन गावच्या कारभाऱ्यांना सांगून गेले, विहिरीचं पाणी कुणी पिऊ नका, दवंडी द्या. कारभाऱ्यांनी अप्पांना सांगावा धाडला, "हलगी घे अन् ये." एवढाच. कशासाठी, ते नाही. अप्पा त्या दिवशी घरीच होते. त्यांनी उलट निरोप दिला, "ते काम आमच्या बापानं सोडलंय." आणि ते पत्र्याचं छप्पर बसवायला लागले.

हलगी चावडीत होती. गावात हात भरपूर होते. पण ती वाजवायची ती आमच्याच वस्तीनं, असं सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. दुसऱ्या कुणी ती उतरवली नाही. त्या दिवशी अख्खं गाव तेच पाणी प्यालं, माय पण प्याली. दुसऱ्या दिवशी तिला टेम्पोत घालून बीदरला नेलं. सलाईनवर ती वाचली.

ती परत आली तशी अप्पांना चावडीवर बोलावलं.

"तुझ्या हट्टापायी गाव आजारी पडलं," कारभारी म्हणाले.

"हलगी हितंच व्हती की. तुमचे हात मोडले व्हते का?"

"काम तुमचं व्हतं."

"अन् विहिरीचं मला कुणी सांगितलं? सांगितलं असतं तर हलगीबिगर दारोदार फिरलो असतो. माझी बायको प्याली ना ते पाणी!"

"तुला ठावं व्हतं," कारभारी म्हणाले.

संपलं. अप्पांना ठाऊक होतं आणि ते गप्प बसले, हेच गावानं खरं धरलं. त्यांना 'मुका' म्हणायला लागले. मी गिरणीवर दळण घेऊन गेले की बाया म्हणायच्या, "मुक्याची पोरगी आली बघा." माझे अप्पा विहारात वंदना म्हणायला लागले की ओढ्यापल्याड ऐकू जायचं. त्या माणसाला मुका म्हणत होते.

मी शिकले. सरळ सांगते, घरातली पहिली मीच कॉलेजला गेले आणि त्याचा मला अभिमान आहे. मराठी शाळा, मग बीदरला कानडीतून, मग हैदराबादला इंग्रजीतून. गणित मला तिन्ही भाषांत अवघड गेलं. शेवटी सार्वजनिक आरोग्य शिकले आणि परदेशी नोकरी लागली.

मी आता राहते त्या शहरात मोठं तळं आहे. साथ यायच्या आधी तिची तयारी करून ठेवायची, हे माझं काम. निरनिराळ्या देशांचे अधिकारी बोलावून आम्ही तालीम घेतो. समजा बंदरात कॉलरा आला, समजा पूल वाहून गेला, आता कोण काय करणार? सगळे औषधांचं बोलतात, गाड्यांचं बोलतात. मी एकच विचारते, लोकांना सांगणार कोण, आणि त्या सांगणाऱ्याला तुम्ही काय सांगितलंय? माझा एक केनियाचा सहकारी मी हात वर केला की हसतो, "आला बाईंचा प्रश्न!"

तो प्रश्न कुठून आला, ते मी त्याला कधी सांगितलं नाही. सांगायचं तर अप्पांना समोर आणून बसवावं लागलं असतं.

रविवारी मी फोन करायची.

"जेवलीस का बाई?"

"जेवले अप्पा."

"काय जेवलीस?"

"ब्रेड."

"ते काय जेवण हाय का! आजारी माणसानं खायाचं ते."

मग ते गावाची खबर सांगायचे. पाऊस, लग्नं, कोण वारलं. एकदा सहज म्हणाले, "आज एक नवी सून मला मुकेमामा म्हणली. तिला वाटलं, तेच नाव हाय माजं." ते हसले. फोन ठेवून मी खिडकीशी उभी राहिले. सांगणाऱ्याला आधी सगळं सांगा, हे मी जगभर बजावत फिरते, आणि माझ्या बापाला तेच कुणी सांगितलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात रजेवर आले. पावसाआधी पंचायतीत साथीच्या तयारीची बैठक असते. आमच्याकडच्या आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, दुकानदार लिंगायत घरच्या, मराठी-कानडी एका दमात बोलणाऱ्या, सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं. त्या दारात आल्या. "परदेशातल्यांना शिकवायलात म्हणं तुमी. आमाला बी सांगा की जरा."

मी गेले. अप्पाही आले, दाराशी बसले. पंचायतीचा सभासद म्हणून त्या कारभाऱ्यांचाच मुलगा समोर होता. त्याला सगळे अण्णा म्हणतात. मी तालीम घेतली, तिकडे घेते तशीच.

"समजा, आज टाकीचं पाणी खराब निघालं. गावाला कसं कळवायचं?"

"दवंडी द्यायची," अण्णा म्हणाले.

"कोण देणार?"

"तुमच्या वस्तीतला एखादा बोलवायचा." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. रोजचं बोलावं तसं बोलले.

"काय सांगून बोलवायचं?"

"ये म्हणायचं."

"आणि पाण्याचं?"

"आल्यावर सांगू की."

"आलाच नाही तर?"

अक्का म्हणाल्या, "मंग काय, पाणी पीत वाट बघा!" लोक हसले. हसणं सरलं तसा दाराकडून आवाज आला.

"तवा बी असंच झालतं," अप्पा म्हणाले.

अण्णांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "व्हय अप्पा. तुमाला विहिरीचं सांगितलं न्हवतं. मी तितंच व्हतो. आमच्या बापानं नुसतं ये म्हणून सांगावा धाडला."

"मंग कामून न्हाई बोललास?"

"बापाम्होरं कसं बोलू?"

"बाप जाऊन बी लई वर्सं झाली की रे."

पुन्हा हसू आलं. अण्णाही हसले, पण मान वर न करता. अप्पा हसले नाहीत.

त्याच बैठकीत ठरलं. हलगी नाही, माइक. एका गल्लीकडे कायमचं काम नाही, प्रत्येक गल्लीची पाळी. ज्याची पाळी, त्याला सगळी हकिकत सगळ्यांच्या आधी सांगायची. कुणीतरी अप्पांकडे बघून भीतभीत विचारलं, "तुमच्या गल्लीचं कसं?" आजोबांनी टांगून ठेवलेलं काम मी पुन्हा अप्पांच्या हातात देत होते का?

"सगळ्यांची पाळी येत असंल," अप्पा म्हणाले, "तर आमची बी येऊ द्या."

पुढच्या उन्हाळ्यात पाइप फुटून टाकीत गटार गेलं. पाळी आमच्या गल्लीची होती आणि माइक अप्पांनी घेतला. आधी मराठीत बोलले, मग अक्कांनी शिकवलेल्या कानडीत. मायनं फोनवर सांगितलं, "मुका म्हणत व्हते न्हवं? आता कान झाकायलेत." मी तेव्हा तळ्याच्या शहरात तालीम घेत होते. गावातल्या लेकराबाळानं ऐकलेला तो आवाज मी ऐकला नाही. त्या थंडीत अप्पा गेले. आता कुठल्याही देशात, कुठल्याही बाजारात भोंगा लागला की मी थांबते, भाषा कळत नसली तरी पूर्ण ऐकते, आणि मग पुढे जाते.

अप्पांवरचा आळ त्यांच्या हयातीत, भर सभेत उतरला. दवंडीची पाळी आमच्या गावात अजून चालू आहे. आणि टाकी नासली त्या उन्हाळ्यात पाण्यापायी गावातल्या एकाही माणसाला दवाखान्यात न्यावं लागलं नाही.