बिरूनं दोरी सोडली नव्हती

त्या डिसेंबरात मी चौदा हजार फुटांवरच्या पोस्टवर होतो. मी हवालदार, पोस्ट कमांडर. माझ्यासकट अकरा माणसं. आख्ख्या पोस्टवर ख्रिस्ती मी एकटाच.

पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन मोर्चात, खंदकात, उभं राहायचं. सहाला खाली कंपनीला रेडिओवर रिपोर्ट. सातला चहा. मग बर्फ उपसायचा. रोज तेच.

पोस्टच्या खाली एक नाला होता आणि नाल्यावर बर्फाचा मोठा उतार. ऊन पडलं की उतार सैल होतो. म्हणून हुकूम असा, की नाला सकाळी नऊच्या आत ओलांडायचा, एकेकानं, मधी पन्नास पावलं सोडून. आणि कमरेला अ‍ॅव्हलांच कॉर्ड बांधायची. ही लाल नायलॉनची पातळ दोरी. चालताना माणसाच्या मागं लोळत राहते. माणूस बर्फाखाली गाडला गेला तरी दोरी हलकी असल्यानं वर राहते. ती धरून खणलं की माणूस सापडतो. अकरा माणसांच्या अकरा दोऱ्या. ज्याची त्याच्याकडं.

लान्स नाईक बिरू जत तालुक्यातला. मेंढरं राखणाऱ्या घरातला. आम्ही दोघं सांगलीकडचे म्हणून बोलणं गावचंच चालायचं. बावीस तारखेला तो म्हणाला, "आवं हवालदार, तुमच्या देवाच्या जल्माला काय लागतंय?"

"केक लागतोय."

"त्यो न्हाई. दुसरं बोला."

"दारावर चांदणी लागती."

त्यानं रेशनच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पाच टोकांची चांदणी केली. रंग नव्हता म्हणून कुकहाऊसची हळद कालवून लावली. म्हणाला, "हळद लागली बगा. आता पोरगी उजवून टाका." सगळी पोस्ट हसली. बांधायला सुतळी नव्हती. बिरूनं आपली लाल दोरी काढली. "ही घ्या. मला कुटं जायचंय?"

मी नको म्हणायला पाहिजे होतं. ती दोरी खेळायची चीज नव्हती आणि पोस्टचा मालक मी होतो. पण घर सोडून सहा नाताळ झाले होते. मी गप्प बसलो. बंकरच्या बांबूवर चांदणी चढली. मला लय आनंद झाला, हे खोटं का सांगू?

सव्वीस तारखेला सकाळी आठ वीसला रेडिओ आला. खालच्या पोस्टची पार्टी नाल्यापलीकडं रॉकेल आणि टपाल घेऊन उभी आहे, माणसं पाठवा. मी चौघांना तयार केलं. त्यात बिरू.

तो बांबूकडं बघून म्हणाला, "हवालदार, माझी दोरी वर हाय. गाठ गोठलीया. कापू का?"

मी घड्याळ बघितलं. आठ चाळीस. माझी स्वतःची दोरी माझ्या पिठ्ठूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत होती, बंकरात, दहा पावलांवर. पिठ्ठूच्या तळाला. उपसायला दोन मिनिटं लागली असती. आणि चांदणी एक तारखेपर्यंत राहावी असं माझ्या मनात होतं.

मी म्हणालो, "राहू दे रं. वीस मिनिटाचं काम हाय. चल."

"व्हय जी," म्हणाला आणि गेला.

आठ बावन्नला पहाऱ्यावरच्या सेंट्रीची शिट्टी वाजली. उताराचा वरचा थर तुटला होता. तिघं पळत अलीकडच्या खडकाला आले. बिरू नाल्याच्या मधी होता. बर्फ खाली बसला तेव्हा तिथं काहीच नव्हतं. नुसतं पांढरं.

मी रेडिओ घेतला. "हिमस्खलन. एक मिसिंग. ओव्हर."

"मिसिंगची कॉर्ड दिसते का? ओव्हर."

मी बांबूवरच्या चांदणीकडं बघितलं.

"कॉर्ड दिसते का? ओव्हर."

"नाही दिसत. ओव्हर."

तंबूचे खांब बर्फात खुपसत आम्ही त्याला शोधला. दुपारी एक वीसला सापडला. हातभर बर्फाखाली होता. हातभरच. डॉक्टर नंतर म्हणाले, पहिल्या पंधरा मिनिटांत मिळाला असता तर वाचला असता.

संध्याकाळच्या आत मी चांदणी उतरवली आणि शेगडीत घातली. दोरी गुंडाळून बिरूच्या बिछान्यावर ठेवली. कोर्ट ऑफ इन्क्वायरीला मेजरसाहेबांनी विचारलं, "कॉर्ड क्यों नहीं थी?"

मी सावधानमध्ये उभा राहून म्हणालो, "साब, मैंने बोला था. उसने खुद खोल के रखी. पैर में अटकती है बोलता था."

दोरी बिछान्यावर मिळालीच होती. साहेबांनी लिहून घेतलं. बाकीच्यांना सगळं माहीत होतं. कुणी तोंड उघडलं नाही, कारण हवालदार वाचला पाहिजे. त्यांना खोट्यात मीच ओढलं.

मढं घेऊन गावाला मीच गेलो. बिरूच्या बापानं विचारलं, "कसं झालं, साहेब?" तिथं तरी खरं बोलायचं. मी म्हणालो, "हुकूम ऐकला न्हाई. दोरी सोडून गेला." म्हाताऱ्यानं मान खाली घातली. दारात बिरूची बायको बाळाबाई उभी होती, कडेवर सहा महिन्यांचं पोर. मी तिच्याकडं बघितलं नाही.

पेन्शन घेऊन आलो. कुपवाडला एका वर्कशॉपच्या गेटवर सोळा वर्षं ड्युटी केली. दर रविवारी मार्थाबरोबर, म्हणजे माझ्या बायकोबरोबर, देवळात, चर्चला, जायचो. आमच्यात प्रभुभोजनाला भाकर आणि द्राक्षरस घ्यायला पुढं जाऊन गुडघे टेकतात. मन साफ करून जायचं असतं. मी बाकावर बसून राहायचो. मार्था एकटी जायची. तिनं विचारलं तर म्हणायचो, गुडघा दुखतोय. फौजेनं मला सोडलं तेव्हा गुडघा ए-वन होता.

गेल्या वर्षी ती गेली. पोटात गाठ होती. शेवटच्या आठवड्यात म्हणाली, "आवं, तुमचा गुडघा न्हाई दुखत. बर्फातनं आल्यापास्नं मी बघतीया."

मी सांगायला लागलो. तिनं हात वर केला. "मला नगा सांगू. ज्याचं हाय त्याला सांगा."

एवढी वर्षं जिच्याशेजारी झोपलो तिला मी खोटं बोललो, आणि ती ते खोटं पांघरून माझ्याशेजारी झोपली. ती गेल्यावर घरात बसवेना. मी पाळकांकडं, आमच्या चर्चच्या धर्मगुरूंकडं, गेलो. पोरसवदा माणूस आहे, पण ऐकून घेतो. सगळं सांगितलं आणि म्हणालो, "मला शिक्षा द्या."

"हवालदारकाका, इथं शिक्षा मिळत नाही."

"मग काय मिळतं?"

"क्षमा. ती आधीच दिलेली आहे. देवाची कृपा आहे, कमवायची नाही."

"फुकटाचं मला नको."

"म्हणजे देवानं द्यावं कसं, तेही तुम्हीच ठरवणार?" ते म्हणाले. "पण पश्चात्ताप म्हणजे घरात बसून रडणं नव्हे. तुमच्या परेडमध्ये काय म्हणतात? पीछे मुड. तोंड फिरवायचं आणि चालायला लागायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. बिरूचा मुलगा मायाप्पा आता चाळिशी ओलांडलेला. डाळिंबाला पाणी देत होता. बाळाबाई सोप्यात बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. दोरी, चांदणी, पिठ्ठू, इन्क्वायरी. काही गाळलं नाही. दोरी बिरूनं आपण होऊन दिली हे सांगितलं, पण ते माझ्या बचावाचं नाही हेही सांगितलं.

मायाप्पा जवळ आला. "शेरडू चुकलं तरी आजा म्हणायचा, बापावर गेलास, ऐकत न्हाईस. साळंत तेच. लग्न ठरवताना तेच. आन् तुमी आज येताय व्हय? चला, उटा."

मी उभाच होतो. निघालो. बाळाबाई म्हणाली, "थांबा."

ती सोप्यातनं खाली उतरली. मग म्हणाली, "तुमच्या देवानं तुमाला माफ केलं का न्हाई, ते तुमी बगा. माझं मला कळंना. पर तुमचं बोलणं मामंजींनी पारावर सांगितलं व्हतं. तुमी बी पारावर सांगा. बाजारादिवशी."

दोन दिवसांनी बाजार होता. बाळाबाई पुढं बसली. मायाप्पा लांब, मोटारसायकलला टेकून. मी पारावर चढलो आणि सावधान झालो. माणसं कुजबुजली, "म्हातारं खुळं झालंय जणू."

मी सांगितलं. आवाज फाटला तसा पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. एक फेटेवाला ओरडला, "मग इतकी वर्सं काय झोपला व्हता का?"

"भीत होतो," मी म्हणालो.

"कुणाला?"

"तुमाला. देवाला लबाडी ठावंच होती."

कुणी हसलं नाही. मायाप्पा मोटारसायकल चालू करून निघून गेला. त्यानं मला अजून माफ केलेलं नाही आणि मी मागितलेलंही नाही. बाळाबाई उठताना म्हणाली, "हे लिवून द्या. मी मेल्यावर बी ऱ्हाईल." म्हणून लिहितोय.

त्यानंतरच्या रविवारी मी देवळात पुढं गेलो. गुडघे टेकून भाकर घेतली. हलकं वाटलं नाही. लाज तशीच आहे. पाळक म्हणतात, लाज गेल्यावर यायचं असतं तर कुणीच आलं नसतं.

बिरूबद्दल एवढं लिहून ठेवतो. आवाजावरून बंकरात कोण आला ते डोळे मिटून ओळखायचा. बर्फात शिट्टी घालायचा ती मेंढरांना घालतात तशी. घरचं पत्र आलं की पहिल्यांदा वास घ्यायचा, मग वाचायचा. मुलाला त्यानं बघितलं नव्हतं. फेब्रुवारीत सुट्टी होती.

लान्स नाईक बिरू हुकूम पाळणारा शिपाई होता. माझा शेवटचा हुकूमसुद्धा त्यानं पाळला.