आता चुकलं काय ते बोला!

मोठ्या माणसांना शिकवणाऱ्यांकडे किस्से असे साठतात की विचारू नका! मी जरीपटका भागात दहावीला बसणाऱ्या प्रौढांचा दुपारचा वर्ग घेते. बहुतेक विद्यार्थी माझ्याहून वयाने मोठे. त्यांची चूक दाखवायची म्हटलं की मलाच अवघड जातं.

*

ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, आधी कौतुक करा, मग चूक सांगा. मी लगेच प्रयोग केला. ऑटो चालवणाऱ्या गुलाबरावांना म्हटलं, "काका, अक्षर फार सुंदर आहे हो!"

गुलाबरावांनी पेनाला टोपण लावलं आणि हाताची घडी घातली.

"मॅडम, आमी पण सवारीले आधी 'बसा साहेब' म्हणतो, मंग भाडं सांगतो. आता चुकलं काय ते बोला!"

*

मग एकमेकांचे निबंध तपासायला लावले. गुलाबरावांनी आपला बैलपोळ्यावरचा निबंध वाचून दाखवला. ऐकून तपासणाऱ्या विमलबाई भिवापूरच्या, बोलणंही तिथल्या मिरचीसारखं.

"चांगलं लिवलं गा भाऊ. पण साऱ्या गावाचे बैल काहून मोजत बसला?"

गुलाबराव खूश! "म्हणजे बाईनं आखरीपर्यंत आयकलं!"

*

एकदा म्हटलं, "माझं काय चुकतं ते चिठ्ठीवर लिहा. नाव मात्र लिहू नका."

सगळ्या चिठ्ठ्यांवर मजकूर एकच, 'मॅडम छान शिकवतात'. आणि खाली पूर्ण नाव, सही!

"अहो, नाव नको म्हटलं होतं ना?"

"काहून नको?" विमलबाई भडकल्या. "आंगठा सोडून सही शिकलो, ते काय लपाले?"

*

विमलबाईंचा नातू आठवीत. तो दहावीला बसायच्या आत आपण पास व्हायचं, हा त्यांचा हट्ट. पण गणितात दोनदा नापास झाल्या. दुसऱ्या निकालाच्या दिवशी त्यांनी वही माझ्यापुढे आपटली.

"पाहा, पानोपानी 'छान'! तुमी छान छान म्हणून राहिल्या, अन् मी नापास होऊन राहिली!"

मला रडूच आलं. त्या वर्ग सोडतील या भीतीने मी चुका दिसूनही गप्प बसत होते. त्या दिवशी मात्र एकेक गणित घेऊन तासभर सगळ्या चुका दाखवल्या. विमलबाईंनी वही उचलली आणि त्या निघून गेल्या. दोन दिवस आल्याच नाहीत. मी पुरती घाबरले.

तिसऱ्या दिवशी दारात विमलबाई, मागे त्यांची सून. चुकलेली सगळी गणितं पुन्हा सोडवून आणली होती. वही माझ्या हातात दिली आणि सुनेला पुढे ढकललं.

"मॅडम, पंधरा वर्षं झाली, ही माझ्या भाजीले छान म्हणून राहिली. आता हिलेबी शिकवा, खरं बोलाले!"