विचारून घेतलेला आवाज

माझे धाकटे दीर विचारल्याशिवाय श्वास घेत असतील तर नवल. स्वतःच्या घरात पंखा लावायचा तरी "लावू का?" शेजाऱ्यांचं वर्तमानपत्र विचारून आणतील आणि घडीसुद्धा न विस्कटता परत देतील. नोकरी गोदामांसाठी प्रोग्रॅम लिहायची.

घशाच्या ऑपरेशनमध्ये माझा आवाज जाणार हे ठरलं, तेव्हा याच माणसानं मला समोर बसवून ढीगभर वाक्यं वाचून घेतली आणि रेकॉर्ड केली. मग इंटरनेटवरचा कुणा परक्याचा कोड घेऊन त्यात फेरफार केले. मी टॅबवर टाइप करायचं, की ते माझ्याच आवाजात ऐकू यायचं. शुद्धीवर आल्यावर पहिलं काम काय केलं? नवऱ्याला झापलं. बिचाऱ्याचं घडीभराचं सुख संपलं.

शेजारच्या खाटेवर एक तरुण बाई होती. तिचं ऑपरेशन तातडीचं, त्यामुळे आवाज साठवायला वेळच मिळाला नव्हता. ती पाटीवर लिहायची, पण तिच्या चार वर्षांच्या लेकीला वाचता कुठे येतंय? पोर हळूहळू आईजवळ यायचीच बंद झाली. डॉक्टरांनी भाऊजींना विचारलं, हा प्रोग्रॅम हिलाही देता का?

भाऊजी अडून बसले. मूळ कोडच्या सुरुवातीलाच तो लिहिणाऱ्यानं बजावून ठेवलं होतं, घरच्यांसाठी खुशाल वापरा, बाहेर द्यायचा तर मला विचारा. त्यांनी मेल केला. उत्तर येईना. माझं डोकं फिरलं. टॅबवरून चांगलं सुनावलं, तो बसलाय साता समुद्रापलीकडे, त्याला काय स्वप्न पडणार आहे? इथं लेकरू आईपासून तुटतंय. भाऊजींनी ऐकून घेतलं आणि आणखी एक मेल केला.

शेवटी त्याचं उत्तर आलं. द्या म्हणे, फक्त कोडवरचं माझं नाव पुसू नका आणि काय बदललंत ते लिहा. मला वाटलं, सुटलो. तर भाऊजी माझ्यासमोर स्टूल ओढून बसले.

"वहिनी, कोड त्याचा होता. आवाज तुमचा आहे. देऊ का?"

एवढी तोंडाळ मी, पण टॅब मांडीवर पालथा घातला. याच आवाजात मी माझ्या मुलांना हाका मारल्या, आईशी भांडले. तो परक्या बाईच्या तोंडी? खरं सांगते, नको वाटलं. भाऊजींनी घाई केली नाही. सावकाश सांगा म्हणाले आणि चहा आणायला गेले. ते परत आले तेव्हा मी टाइप केलं, द्या.

संध्याकाळी पोर बापाचं बोट धरून दारात उभी राहिली. शेजारच्या खाटेवरून माझ्या आवाजात हाक आली, "चिऊ, इकडे ये." पोरीनं आधी माझ्याकडेच पाहिलं. मी तिच्या आईकडे बोट दाखवलं. पुन्हा हाक आली, आणि ती धावत जाऊन आईला बिलगली.

मला रडू आवरेना. टॅब बंद करून मी उशीखाली सरकवला. पोर तिथं असेपर्यंत मी काही बोलणार नव्हते.