दोन दारांची खोली

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. आमचे हे मुंबईला बंदराच्या आरोग्य कचेरीत नकाशे काढायचे. आफ्रिकेकडून येणाऱ्या जहाजांतून पिवळा ताप इकडे उतरेल, अशी सरकारला मोठी धास्ती होती. तो डासांमुळे पसरतो, म्हणून संशयित उतारूंना काही दिवस तारेच्या जाळीच्या खोल्यांत ठेवायचं, म्हणजे इथले डास त्यांना चावून रोग शहरात नेणार नाहीत. त्या खोल्यांचे नकाशे यांच्याकडे होते. सुट्टीत भोरला आले की जेवतानासुद्धा तेच बोलणं. मी म्हणायची, परक्या तापाची एवढी सरबराई, मग घरच्या हिवतापाने काय घोडं मारलंय?

उगीच म्हणत नव्हते. आमची पहिली मुलगी हिवतापानेच गेली होती. घराच्या मागेच भातखाचरं, पाणी कायम साचलेलं. मला पुन्हा दिवस गेले तेव्हा यांना सांगितलं, दागिना नको, लुगडं नको, तुमच्या नकाशातली एक खोली मला बांधून द्या. हे मूल मला जगवायचंय.

यांनी खरंच बांधली. मुंबईहून जाळीचं भेंडोळं आणलं, कापूरहोळपासून ते मोटारीत मांडीवर घेऊन बसले. उत्रोलीच्या सुताराने बाळंतिणीच्या खोलीला जाळी ठोकली, आणि दारापुढे एक माणूस उभं राहील एवढी जागा सोडून दुसरं दार बसवलं. एक मिटल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, असा नियम. सुतार हसत म्हणाला, “वैनी, आता पाचवीला सटवाईनं यायचं तरी कुठनं?” सासूबाईंना ते लागलं, पण लेकापुढे त्या बोलल्या नाहीत.

मुलगा झाला. बारसं करून हे मुंबईला गेले.

सासूबाईंचं सोवळं कडक. सव्वा महिना माझा विटाळ. मी आणि सुईण ज्या दारांना हात लावतो, त्यांना त्या सोवळ्यात कशा शिवणार? मग दिवेलागणीला मोलकरीण दोन्ही दारं उघडून ती मिटू नयेत म्हणून पाट टेकवून जायची. सासूबाई आधी भात आणायच्या, मग तूप, मग शेपूची भाजी, एकेक जिन्नस वरून वाढायला पुन्हा पुन्हा यायच्या. तोवर दारं सताड उघडी, आणि डासांची तीच वेळ. माझ्यावर त्यांची माया नव्हती असं नाही. तूप त्या सैल हाताने वाढायच्या. पण मी पाट काढायला उठले की ओली बाळंतीण म्हणून रागवायच्या. एकदा मी स्पष्टच बोलले, तर म्हणाल्या, “जाळी तुझ्या नवऱ्याची असेल, घर माझ्या देवांचं आहे.” मी बाळाला पदराखाली घेऊन बसायची.

महिना भरत आला आणि बाळ तापलं. डॉक्टरांनी कोयनेल दिलं, पण एवढ्याशा जिवात काही उरलंच नव्हतं. माझं बाळ गेलं.

हे आले तेव्हा सासूबाई रडत म्हणाल्या, तुझ्या जाळीचा काय उपयोग झाला? मी म्हटलं, “जाळी चांगली होती. दारं उघडी होती.” यांना सगळं कळलं. आईकडे पाहिलं, आणि एक अक्षर बोलले नाहीत. त्या गप्प राहण्याचा मला इतका संताप आला, की मी यांच्याशी बोलणंच टाकलं.

पुढच्या सुट्टीत आले. मी पानं घेत होते. आपणहून सांगू लागले, बंदरावरच्या दारांना दोरीने लोखंडी वजनं लावायला सांगितलीत, सोडलं की दार आपोआप मिटतं. साहेब म्हणाला, एवढा खर्च कशाला, माणसांना सांगितलं की ती दारं लावतील.

न राहवून मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

“म्हटलं, नाही लावत, साहेब. माझ्या आईने नाही लावली, आणि माझा मुलगा गेला.”

घरात जे यांच्या तोंडून निघालं नाही, ते एका परक्या माणसाला सांगून आले होते. मी हातातलं भांडं खाली ठेवलं, आणि बाळ गेल्यापासून पहिल्यांदा यांच्याजवळ बसून रडले.